शुक्रवारची तारीख

सुमनताई गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली आणि मी तिला अंगठा दिला. खरंच. तारापूरच्या कारखान्यात निर्यातीच्या कागदांचं काम करणाऱ्या माणसाला दिवसात शंभर निरोप येतात... कंटेनर सुटला, बिल पाठवलं, बँकेत पोचलं. प्रत्येकाला न वाचता अंगठा द्यायची बोटाला सवय झालेली. कँटीनमध्ये एका हातात वडा होता, दुसऱ्या हाताने मी भराभर अंगठे देत सुटलो होतो. चहा संपत आल्यावर वर सरकवून पाहिलं तर त्यात एक निरोप ताईंच्या मुलीचा, भाग्यश्रीचा. 'काका, आई सकाळी गेली.' आणि त्याखाली माझा पिवळाधमक अंगठा. तो काढला, तर तिथे काहीच उरलं नाही. वाचायच्या आधी होकार देणाऱ्या माणसाचं काय होतं, हे ज्या बाईनं मला शिकवलं तिच्याच मरणावर मी न वाचता होकार दिला होता.

मी मूळचा बार्शीकडचा. बी.कॉम. होऊन बोईसरला आलो तेव्हा समुद्रसुद्धा पहिल्यांदाच पाहिला. औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात, जिथे कापडाच्या रंगाची पावडर बनायची, तिथे निर्यात विभागात चिकटलो. विभाग म्हणजे दोन टेबलं. एक माझं, एक सुमनताईंचं. त्या मुरब्याच्या, कोळीवाड्यातल्या. नवरा जनार्दनभाऊ मच्छीमार, पण ताई बारावीनंतर टायपिंग शिकून इथे लागल्या आणि शिकत शिकत निर्यातीच्या कागदांत साहेब लोकांच्याही पुढे गेल्या. मला त्या पहिल्या दिवसापासून 'घाटावरच्या' म्हणायच्या. ऑफिसात प्रमाण मराठी बोलायच्या, पण चिडल्या किंवा शिकवायला लागल्या की समुद्र जिभेवर यायचा.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, ही एलसी म्हणजे नक्की काय? मला वाटत होतं, एखाद्या मोठ्या साहेबाची सही असावी. ताईंनी पेन खाली ठेवलं. "समज, मुरब्याच्या बाईला लांबच्या व्यापाऱ्याला सुके बोंबील पाठवायचेत. तो बोलतो आधी माल धाड, ती बोलते आधी पैसे. दोघांचा एकमेकांवर इस्वास नाय. मग व्यापारी आपल्या बँकेला सांगतो, तिनं माल पाठवल्याचे हे हे कागद आणून दिले की तिला पैसे द्या. त्या वचनाचं पत्र म्हणजे एलसी. आता बँक काय बघणार? बोंबील?" मी हो म्हणालो. त्या हसल्या. "बँकेला बोंबलाचा वास येत नाय रे. बँक कागद हुंगते. कागद सडका निघाला तर ताज्या मालाचे पन पैसे नाय."

एवढं सोपं कुणी पुस्तकात लिहिलं नव्हतं. पण कळलं म्हणून शहाणपण आलं असं नाही. जहाज कंपनी माल चढवल्याचा जो कागद देते तो मालाच्या मालकीचा कागद, तीन मूळ प्रतींत येतो, जिवापाड जपायचा, असं ताईंनी बजावलं. मी इतका जपला, की पावसाळ्याचे दिवस म्हणून बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन तिन्ही प्रती लॅमिनेट करून आणल्या. अभिमानाने टेबलावर ठेवल्या. आता त्या कागदाच्या पाठीवर शिक्का आणि सही करून तो बँकेच्या हवाली करायचा असतो... प्लॅस्टिकवर सही कशी करणार? ताईंनी तिन्ही चकचकीत कागद उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, "जपायला सांगितले तर फ्रेम करून आणलेस. आता हार घाल आनि उदबत्ती लाव." त्यानंतर दोन आठवडे नव्या प्रतींसाठी जहाज कंपनीच्या दारात हमीपत्रं घेऊन त्याच उभ्या होत्या. मी मागे पिशवी धरून. शेठपर्यंत माझं नाव त्यांनी जाऊ दिलं नाही. ही पहिली वेळ. मला वाटलं, असंच असतं.

त्यांची काम करायची एक रीत होती. कागद बँकेत जायच्या आधी दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाच्या हातात एलसी आणि तपासणीची यादी, दुसऱ्याच्या हातात आपण बनवलेले कागद. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, वजन, गोण्या, बंदर, तारीख, आणि पहिल्याने एलसीत बघून लाल पेन्सिलीने टिक करायची. एकट्याने कधीच नाही. एकटा माणूस जे असायला हवं ते वाचतो, जे आहे ते नाही, असं त्या म्हणायच्या. वाचायला मी, टिक करायला त्या. माझा आवाज मोठा आहे, गावच्या नाटकातून उरलेला. मी वजनं अशी वाचायचो की शेजारच्या पॅकिंग खात्यातले कामगार 'क्या पंडितजी, कथा चालू?' म्हणून डोकावायचे.

विम्याचा नियम त्यांनी मला खास समजावला होता. माल जहाजावर चढला त्या तारखेनंतरचा विमा बँक घेत नाही. तारीख त्याच दिवसाची किंवा आधीची हवी. "होडी खोल दर्यात गेल्यावर नारळ फोडून काय उपेग? नारळ आधी, दर्या मग." हे मला पाठ होतं. आजही आहे.

त्या वर्षी तुर्कस्तानची एक मोठी ऑर्डर होती. माल बंदराकडे निघायचा तो आठवडा ताई रजेवर, सासू अंथरुणाला खिळलेली. जाताना सांगून गेल्या, गुरुवारी विमा काढ. गुरुवारी बेटेगावला आमच्या स्टोअरकीपरची हळद होती. तिथे मी नाचलो. कसा नाचलो ते सांगायला हरकत नाही, कारण त्याचा व्हिडिओ अजून फिरतोय. शुक्रवारी अंग दुखत होतं. ताईंचा फोन आला, विमा काढलास? मी म्हणालो, हो. शनिवारी सकाळी काढला. आणि माल जहाजावर चढल्याची तारीख आली शुक्रवारची. एक दिवस... एका दिवसाने कुणाचं काय जातं, असं मला वाटलं. माल तर सुखरूप जाणार होता.

सोमवारी ताई आल्या. डोळे सुजलेले, चार रात्री सासूजवळ बसून काढलेल्या. म्हणाल्या, वाच. मी वाचत गेलो, त्या टिक करत गेल्या. विम्याचा कागद हातात आला. "तारीख?" असं त्यांनी विचारलं. माझ्या समोर शनिवारची तारीख छापलेली होती. मी शुक्रवारची वाचली. नेहमीच्याच मोठ्या, नाटकी आवाजात. त्यांनी टिक केली.

इथल्या बँकेच्या नजरेतूनही ते सुटलं. तिकडच्या बँकेने मात्र पकडलं. नेमके त्याच दिवसांत रंगाचे भाव पडले होते, गिऱ्हाइकाला माल नकोच होता, त्याला एका दिवसाची ही फट पुरली. कागद परत आले, माल परक्या बंदरात पडून राहिला आणि शेवटी मिळेल त्या भावाला दुसऱ्याला द्यावा लागला. शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर विम्याचा कागद आणि शेजारी ती यादी, लाल टिक केलेली. ताईंनी कागद पाहिला, मग यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असणार. मी, ज्याची बडबड थांबावी म्हणून लोक नवस बोलायचे, गप्प उभा. माझी बायको तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती आणि हे ताईंना ठाऊक होतं. त्यांच्याच घरून तिच्यासाठी कोलिमाचा, त्या बारीक सुक्या कोळंबीचा, डबा यायचा. ताई म्हणाल्या, "तपासणारी मी हाय, शेठ. माझं लक्ष नव्हतं."

बारा वर्षांची नोकरी त्या दुपारी संपली. त्यांची खुर्ची मला मिळाली. वसाहतीत अशी बातमी कारखान्या-कारखान्यांतून आधी पोचते, त्यामुळे ताईंना दुसरीकडे कुणी घेतलं नाही. पुढे त्या कोळगावला जिल्हा कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या टपरीत लोकांचे अर्ज भरून देऊ लागल्या. दाखले, सातबारा, वीजमीटर. मी किती वेळा ठरवलं, शेठला सांगू, निदान ताईंची माफी मागू. ठरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या दाखल्यासाठी कोळगावला गेलो, त्यांच्याच समोर रांगेत उभा राहिलो. खूप वाळल्या होत्या. "काय घाटावरच्या," एवढं म्हणून त्यांनी अर्ज पुढे ओढला. नाव, गाव, सगळं मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. जन्मतारखेपाशी आलो. मी जन्मदाखला हातात धरून सवयीने तारीख वाचायला तोंड उघडलं. त्यांनी हात पुढे केला. "वाचू नको," म्हणाल्या, "दाखव." राग नव्हता आवाजात. पत्ता विचारावा तसं म्हणाल्या. दाखला घेतला, स्वतःच्या डोळ्यांनी तारीख बघितली, बोट ठेवून लिहून घेतली. मी म्हणालो, ताई, तो विमा... त्या म्हणाल्या, मागे मानसं उभी हायत. मी दाखला खिशात घातला आणि बाजूला झालो. ती शेवटची भेट.

त्या गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी मुरब्याला गेलो. भाग्यश्रीने चहा दिला. तिच्याकडून कळलं, पोटाचं दुखणं ताईंनी दोन वर्षं अंगावर काढलं. कारखान्यात होत्या तोवर दवाखान्याचं कार्ड होतं. ते गेल्यावर मोठ्या डॉक्टरकडे जायचं त्या पुढे ढकलत राहिल्या. शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता. जनार्दनभाऊ ओटीवर जाळं सांधत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "नोकरी टिकवली असती तर कार्ड राह्यलं असतं. पन लक्ष नव्हतं तिचं. शेठनी काय उगाच काढली?" भाग्यश्री मला हळूच म्हणाली, बाबा हे तिला जिवंतपणीही बोलायचे. जेवताना, भांडताना. आई उत्तर द्यायची नाही. मी विचारलं, तुलाही तसंच वाटतं? ती म्हणाली, "तिनं स्वतःच तसं सांगितलंय ना, काका."

म्हणजे माझं खोटं त्यांनी घरातसुद्धा माझ्यासाठी सांभाळलं होतं. त्या घरात रोज त्याची किंमत मोजून.

मग मी सांगितलं. भाग्यश्रीला, आत, कप हातात धरून. हळद, शनिवार, शुक्रवार, शेठची केबिन, सगळं. मी गोष्ट सांगायला लागलो की लोक हसतात, निदान हसायच्या तयारीत असतात. ही मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हलत नव्हता. संपल्यावर तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

"मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "भायेर बसलेत त्यांना सांगा."

ओटीवर गेलो. जनार्दनभाऊंच्या समोर खाली बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी नाचाचा भाग गाळला. त्यांना एलसी कळत नाही, विमा कळतो, नारळ कळतो. त्यांची सुई चालूच होती. मी म्हणालो, भाऊ, कागदावर शनिवार होता, मी शुक्रवार वाचला. ताईंनी शुक्रवार ऐकून टिक केली. सुई थांबली.

"तू शुक्रवार बोल्ला."

"हो."

"आनि शुक्रवार चालला असता?"

"चालला असता."

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे लक्ष व्हतं तिचं," ते म्हणाले.

मी मान हलवली. नुसती मान हलवणं त्यांना पुरलं नाही. शेजारच्या ओटीवर मासळी निवडत असलेल्या म्हाताऱ्या वहिनींना हाक मारली, पलीकडच्या घरातल्या भावाला बोलावलं. सगळे जमेपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं होतं, सुतळीने सोललेल्या त्या हाताने. भाग्यश्री दारात येऊन उभी राहिली.

"आता यांना सांग," जनार्दनभाऊ म्हणाले. "कोन काय बोल्ला ते. तारखेसकट."

आणि मी, माझ्या त्याच मोठ्या आवाजात, कागदावर जी होती ती तारीख वाचली.