जिभेवरची चिमूट

कराडच्या रोपांच्या नर्सरीतला तो माणूस कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, पोतं उघडलं की आधी चिमूटभर जिभेवर ठेवतो. माझी पत्नी गेल्यावर तिच्या अँथुरियमला एकच पान उरलं, तेव्हा मी कुंडी घेऊन त्याच्याकडे गेलो.

त्याने नवं पोतं उघडलं, चव घेतली आणि तो थुंकला. "खारट हाय, गुरुजी. मुळ्या जळतील."

"मग ते शेवाळाचं पीट मॉस द्या."

"त्ये आंबट आसतंय. पर ह्येला मानवंल." पानाला धक्का न लावता त्याने कुंडी भरली.

"जगेल ना?"

"आवं, मी काय देव हाय व्हय? पाणी तेवढं बेतानं घाला."

तेव्हापासून रोज सकाळी मी कुंडीत बोट खुपसून बघतो. कधी ती कोरडी वाटते, कधी फार ओली. काल मीही तिच्या कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. कळलं काहीच नाही, पण थुंकवेना.