मी बंद केलेली घंटा

मंडळी, समोरचा चहा निवून गेलाय, पण मी अजून सकाळच्या धुक्यातच आहे.

मी गटशिक्षणाधिकारी. आज पासली गावाच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या शाळेला भेट द्यायला निघाले होते. गाडी रस्त्यावर ठेवून भाताच्या बांधावरून चालायला लागले आणि त्या पांढऱ्या धुक्यात वाटच हरवली. ओढ्याचा आवाज तर सगळीकडून येत होता.

तेवढ्यात नातीचा हात धरून एक आजी आल्या. म्हणाल्या, "माज्या मागं या ताई. धुकं असलं की गुरुजी लई येळ घंटा वाजवायचे. पोरं आवाजाच्या रोखानं एकटी यायची. मग कुनी सायबानं वहीत लिवलं, येळ सोडून वाजवायची न्हाई. आता आमालाच कामं टाकून पोचवाया यावं लागतं."

ते साहेब म्हणजे मीच. मागच्या वर्षी तपासणीला आले तेव्हा शाळेच्या शेरेबुकात मी लिहिलं होतं, "घंटा वेळापत्रकाप्रमाणेच द्यावी." एवढा वेळ का वाजवता, हे गुरुजींना विचारलंच नव्हतं.

शाळेत पोचल्यावर आजींसमोरच गुरुजींची माफी मागितली. त्यांनी घंटेची हातोडी माझ्या हातात दिली.

मी वाजवत राहिले. धुक्यातून आधी एक लाल छत्री उमटली, मग दोन दप्तरं, मग हसरे चेहरे. सोबत कुणी मोठं माणूस नाही, सगळी आवाज धरून आलेली.

मग शेरेबुक उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं, "गुरुजी, काय लिहू?"

आपल्या हाताखालच्या माणसाला तुम्ही असं कधी विचारलंय?