बोटभर अंतर

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे डिंक्या म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. बाबा बुकबाइंडर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना: पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, दोरे, सुया आणि खळीचं पातेलं. दादा लहानपणी त्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि मग घरभर फिरायचा. दाराची कडी, आईचा पदर, माझे केस, सगळ्याला खळ. बाबा ओरडायचे, "अरे डिंक्या, एका जागी बस!" तेच नाव त्याला चिकटलं.

मोठा झाल्यावर तरी सुटेल म्हणावं, तर पहिली नोकरी धरली दोन ट्यूबवाल्या गोंदाच्या कंपनीत. हार्डवेअरच्या दुकानांत जायचं, दोन्ही ट्यूबमधलं थोडं थोडं मिसळायचं आणि फुटलेली बशी दुकानदारासमोर जोडून दाखवायची. तोंड वाजवायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या बोलण्यावरच वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला उचललं. त्यांचा मालही त्याच जातीचा होता. दोन सिरिंजमध्ये दोन पातळ द्रव. एकत्र आले की दहा आकडे मोजेपर्यंत घट्ट. फरक एवढाच, की हे काम बशीत नाही, माणसाच्या शरीरात व्हायचं.

पुरुषाच्या प्रोस्टेटला कॅन्सर झाला की तिथे रेडिएशन देतात. पण प्रोस्टेटला लागूनच मागे आतड्याचा शेवटचा भाग असतो, आणि किरणांना काय कळतंय कुठे थांबायचं ते! प्रोस्टेटबरोबर आतडंही भाजून निघतं. मग रक्त पडणं, जखमा, शौचाचे हाल, जन्मभर. म्हणून कुणा हुशार माणसांनी हे जेल काढलं. सुईने त्या दोघांच्या मधे सोडायचं, की ते तिथे फुगून घट्ट होतं आणि आतडं बोटभर मागे सरकतं. बोटभर अंतर मिळालं की आतडं वाचतं. रेडिएशन संपून काही महिने गेले की जेल आपोआप विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. दादा हे सगळं इतक्यांदा सांगायचा की मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

दादा डॉक्टर नाही. ऑपरेशनच्या खोलीत त्याला कशाला बोट लावायचीही परवानगी नसते. तो हात मागे बांधून डॉक्टरांच्या मागे उभा राहतो आणि बोलतो. तेच त्याचं काम. "आधी सलाइन सोडा. जागा उघडली का बघा. आता सुई हलवू नका. जेल लावा. दाबा. थांबू नका, थांबू नका, थांबू नका." दाबता दाबता अंगठा मधेच थांबला, तर दोन द्रव सिरिंज जोडणाऱ्या नळीच्या तोंडातच एकत्र येऊन बसतात आणि सगळं तुंबतं. हे 'थांबू नका' त्याच्या इतकं अंगात मुरलं होतं, की मी घरी पातेल्यातून दूध ओतायला लागले तरी मागून आवाज यायचा. एकदा चिडून मी ते दूध त्याच्याच पायावर ओतलं. न थांबता.

आणखी एक नियम होता, 'थांबू नका'पेक्षाही कडक. सिरिंजमधली हवा काढायची ती दोन्ही सिरिंज एकमेकींना जोडण्याआधी. एकदा जोडल्या की आत घातलेल्या सुईला लागेपर्यंत दट्ट्याला हात लावायचा नाही. केसभर दाबलं तरी दोन थेंब भेटतात, आणि भेटले की संपलं. जेल बनवणाऱ्यांशिवाय आणि शिकवणाऱ्यांशिवाय जगात कुणाला या गोष्टीचं काही देणंघेणं नाही, पण दादा नर्सना हे असं बजावायचा जसं काही बॉम्बच हाताळायचा आहे.

आणि मग बाबांनाच प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

वय झालेलं, हृदय तोळामासा. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "एकदा भूल देते. पुन्हा मागू नका. यांचं हृदय पुन्हा सोसेल याची खात्री मी देणार नाही." रेडिएशन टाळता येणार नव्हतं आणि जेलशिवाय आतड्याचं काय होईल हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. म्हणजे जे करायचं ते एका भुलीत, एका फटक्यात.

मी दादाला म्हटलं, "तू आत जाऊ नकोस. तुझ्या कंपनीत दुसरा कुणी असेल ना?"

"आहे की. पण माझ्याइतक्या वेळा कुणी आत उभं राहिलेलं नाही."

"बाप आहे तो तुझा. हात कापतील."

"मला हात लावायचेच नाहीत. नुसतं बोलायचंय."

आई म्हणाली, "असू दे गं. घरचं माणूस आत असलेलं बरं." झालं. माझं ऐकतंय कोण!

आम्ही दोघी बाहेर बसलो. भिंतीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, थेंब थेंब गळणारं पाण्याचं यंत्र आणि समोर ते हिरवं दार. दार उघडलं की आईचा श्वास अडकायचा, मिटलं की सुटायचा. आत काय झालं ते पुढे दादानेच सांगितलं, आणि त्याने काही लपवलं नाही. उरलंसुरलं आतल्या नर्सताईने सांगितलं.

बाबांना भूल चढली. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घातली, सलाइन सोडलं. आतडं आणि प्रोस्टेट यांच्या मधे काळी फट उघडली, अगदी हवी तशी. तिकडे नर्सताईने दोन सिरिंज जोडल्या. दादाची नजर नेहमी तिच्या हातांवर असते. त्या दिवशी ती बाबांच्या पायांवर गेली. चादरीतून बाहेर आलेले, टाचा भेगाळलेल्या, पांढरे पडलेले पाय. घरी पाहताना काही वाटत नाही. तिथे दिव्याखाली ते मेलेल्या माणसाचे पाय वाटले, असं दादा म्हणतो. त्याने नजर ओढून सिरिंजवर आणली, तर आत एक बुडबुडा दिसला. आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, हवा काढा."

नर्सताईने काढली. का काढणार नाही? सांगणारा दादा होता. तिने दट्ट्या जेमतेम दाबला, बुडबुडा गेला, नळीच्या टोकाशी एक थेंब आला. त्या क्षणी दादाच्या लक्षात आलं, की सिरिंज आधीच जोडलेल्या आहेत.

खोलीत हे त्याच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. डॉक्टरांचं डोकं पडद्यात. नर्सताई सिरिंज त्यांच्या हातात द्यायला निघालेली. दादा गप्प राहिला असता तर डॉक्टरांनी दाबलं असतं, जेल सरकलं नसतं, आणि सगळे म्हणाले असते, पीस खराब निघाला. फार तर नर्सताईला बोल लागला असता. किंवा डॉक्टरांनी जोर लावला असता, घट्ट झालेली गुठळी एकदम सुटली असती आणि जेल भलतीकडेच घुसलं असतं. दादा एक पाऊल पुढे आला. मग तो म्हणाला, "थांबा."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

"नळी तुंबली. सिरिंज जोडल्यावर हवा काढायला मी सांगितलं. ताईंची चूक नाही, माझी आहे."

"दुसरा किट?"

"मागवलेला एकच होता."

"तुझ्या बॅगेत असतो ना एक?"

होता. शिकवण्यासाठी ठेवलेला, मांसाच्या तुकड्यात टोचून दाखवायचा. माल तोच, सीलही शाबूत. पण ती बॅग ऐन उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून होती. उन्हाने तापलेलं जेल घट्ट होतं की नाही, झालं तर किती वेळाने होतं, काही भरवसा नसतो. वेळेत घट्ट नाही झालं तर ते वाहत जाणार, आणि आत गेलेलं परत काढता येत नाही. टेबलावर बाप, सुई जागेवर, सलाइनने उघडलेली फट हळूहळू मिटत चाललेली, आणि डोक्यात डॉक्टरीणबाईंचे शब्द: पुन्हा मागू नका. दादा म्हणतो, तोंडात 'हो' आला होता. गिळताना तो दगडासारखा लागला.

"आहे. पण तो उन्हात होता. नको."

डॉक्टरांनी सुई बाहेर काढली. "नको म्हणालास ना, मग विषय संपला," एवढंच बोलले.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरूनच आईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आई मटकन खुर्चीत बसली. मी मात्र बसले नाही. मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, नाही नाही ते बोलले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. "जगाला शिकवत फिरतोस, आणि स्वतःच्या बापाच्या वेळी?" असंही म्हणाले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याने एकदा तरी उलट बोलावं असं मला फार वाटत होतं.

बाबा शुद्धीवर आले. दादाने त्यांनाही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी आल्यावर ते त्याच्याशी एक शब्द बोलेनात. दादा औषध द्यायला गेला की गोळी घ्यायचे, ग्लास परत द्यायचे, नजर मात्र खिडकीबाहेर. रेडिएशनची तारीख जवळ येत होती. दादाचं जेवण तुटलं होतं. तो रात्रंदिवस फोनवर असायचा, पण बोलणं कामापुरतं. त्याची ती सततची बडबड बंद झाली आणि घर एकदम खायला उठलं.

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. भूल द्यायचीच नाही. सुई घालायची तेवढी जागा बधिर करायची आणि बाबांना जागं ठेवून काम उरकायचं. अट एकच: बाबांनी जराही हलायचं नाही. जेल आत फुगतं तेव्हा विलक्षण दाब येतो, माणूस दचकतो. दचकला की सुई आतड्यात. आणि बाबा तर असे, की केस कापून घेतानाही न्हाव्याशी भांडतात.

दादाने कंपनीतल्या, दुसऱ्या गावच्या त्याच्या जोडीदाराला बोलावलं, दोन नवे किट घेऊन. या खेपेला आपण बाहेर बसणार, असं मला सांगितलं. मी म्हटलं, बरं होईल.

निघायच्या सकाळी बाबांनी पायात चप्पल घालता घालता विचारलं, "डिंक्या आत असणार ना?"

"नाही बाबा. दुसरा माणूस येतोय."

"मग मी येत नाही." त्यांनी चप्पल काढली.

"बाबा, अहो चूक त्यानेच केली ना?"

"केली. मग?" बाबा माझ्यावरच डाफरले. "माझ्याकडे कामाला एकेक नग होते. पानं उलटी शिवायचे आणि वरून झकास कव्हर चिकटवून द्यायचे. गिऱ्हाईक घरी जाऊन पुस्तक उघडायचं तेव्हा कळायचं. शिव्या मला. यानं कव्हर चिकटवायच्या आधी सांगितलं ना? तो आत असेल तर मी येतो. नाहीतर मरू दे."

"मग बोलत का नव्हतात त्याच्याशी?"

"राग आला होता म्हणून. राग येऊ नये की काय माणसाला?"

दादा दारातच उभा होता. त्याने वाकून बाबांच्या पायात चप्पल चढवली.

पुन्हा त्याच खुर्च्या, तेच हिरवं दार. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. आत दादाला डॉक्टरांनी बाबांच्या उशाशी उभं केलं. जागा बधिर झाली. सुई गेली. बाबांनी डोळे गच्च मिटले, दात आवळले, पण हलले नाहीत. सलाइन गेलं, फट उघडली. नर्सताईने हवा काढली, मग सिरिंज जोडल्या, मग दट्ट्यापासून हात लांब धरून दादाला दाखवलं. त्याने मान हलवली. सिरिंज सुईला लागली. डॉक्टर अंगठा दट्ट्यावर ठेवून थांबले, दादाच्या शब्दासाठी.

आणि दादाचा आवाजच फुटेना.

डॉक्टर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "दाबू?" तरी नाही. जोडीदार कोपऱ्यातून पुढे सरकला, तोच बोलणार होता. फट मिटायला लागली होती.

टेबलावरून, डोळे मिटूनच, अंगाची रेषही न हलवता, बाबा म्हणाले, "अरे डिंक्या, बोल की. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

"दाबा," दादा म्हणाला. "थांबू नका. थांबू नका. थांबू नका."

पडद्यावर फट काळी काळी भरत गेली आणि आतडं बोटभर मागे सरलं. नर्सताई सांगते, तो अख्खा वेळ रडत होता, पण त्याचा एकही शब्द चुकला नाही.