इटलीच्या माणसाची दृष्ट

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. नंतर अंगावर सांडला तर मला बोलू नका. मी एरवी फार बोलणारा माणूस नाही. पण पनवेलात मी जो घोळ घातला, तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला चैन पडायचं नाही.

माझी नात सायली. तिनं मैत्रिणींबरोबर सिनेमे दाखवायचं मंडळ काढलं. परदेशी सिनेमे दाखवायचे आणि शेवटी बघणाऱ्यांनी त्यावर बोलायचं. पहिला खेळ रविवारी दुपारी, एका छोट्या हॉलमध्ये. हॉल ज्यांच्या हातात होता ते दाढीवाले सर स्वतः येणार होते. त्यांना पटलं तर हॉल दर महिन्याला, नाहीतर मंडळ त्याच दिवशी बंद! पोरीला अन्न गोड लागत नव्हतं.

आणि मला? माझी तर बोबडीच वळली होती. शाळा सोडून मिठागरावर गेलेला माणूस मी. शिकलेल्या लोकांत उठून बोलायचं?

"आबा, तुम्हाला विचारलं तर फक्त 'छान होता' म्हणा," सायली म्हणाली. "पुढं काही नको."

जासईहून पनवेल येईपर्यंत मी एसटीत 'छान होता, छान होता' घोकत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

निघताना बायकोनं माझ्या सदऱ्याच्या दोन खिशांत दोन पुड्या घातल्या होत्या. एकीत बडीशेप, एकीत मीठ. हसू नका! आमच्या आळीत कुणाच्या पोराला दृष्ट लागली की मलाच बोलावतात. मिठात राबलेला हात आहे, उतारा हमखास लागतो म्हणतात. आणि गर्दीत जाताना मीठ जवळ असावं, असं बायकोचं मत.

मला नीट दिसावं म्हणून सायलीनं पुढच्याच रांगेत बसवलं. मागे टेबलावर पडद्यावर सिनेमा टाकणारं यंत्र. दिवे गेले. सिनेमा इटलीचा, खालची अक्षरं इंग्रजी. मला दोन्ही सारखंच. मी आपली चित्रं बघत होतो.

आता काय सांगू तुम्हाला, काय भयंकर प्रकार होता तो! काळ्या कोटातला एक साधा माणूस. त्याच्याकडे कुणी बघितलं की तो थोडा लहान व्हायचा. बायको बघते, लहान. शेजारी बघतात, लहान. ताटातला तळलेला मासा डोळे वटारून बघतो, आणखी लहान! कोटाच्या बाह्या जमिनीला लागल्या, टोपी नाकावर आली. बिचारा कपाटात जाऊन लपला, तर कपाटाला डोळे फुटले!

आजूबाजूला बघतो तर सगळे शांत. अरे, एवढे शिकलेले लोक, कुणालाच कळत नाही? धडधडीत दृष्ट लागलीय पोराला! आणि आम्ही हॉलभर माणसं त्याच्याकडे टक लावून बघतोय!

मला राहवलं नाही. खिशात हात घातला, अंधारातच पुडी सोडून मूठ भरली, मागच्यांना अडथळा नको म्हणून वाकूनच उठलो आणि हात तेवढा वर करून पडद्यावरच्या त्या एवढ्याशा डोक्यावरून ओवाळायला लागलो. तोंडानं पुटपुटतोय, "आल्यागेल्याची, पोराबाळांची, कपाटाची, माशाची, जाऊ दे बाबा सगळ्यांची." चूल नव्हती, म्हणून मूठ पडद्याच्या कोपऱ्यात टाकली आणि गपचूप खाली बसलो.

पण उतारा लागलाच नाही! तो आणखी आणखी लहान होत गेला आणि शेवटी स्वतःच्याच बुटात उतरून दिसेनासा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवे लागले. सर उठले. "तो हात!" सर म्हणाले. "त्याच्या डोक्यावर फिरणारा तो राक्षसी काळा हात! केवढी भीती आहे त्यात!"

मी हळूच माझ्या हाताकडं बघितलं.

"मला तर त्या हातात माझ्या सासूबाई दिसल्या," एक बाई म्हणाल्या.

"नाही हो मॅडम, तो बॉस आहे," कळंबोलीचा एक तरुण म्हणाला. "दिवसभर असाच डोक्यावर फिरतो."

सायली इतका वेळ बाहेर चहाचं बघत होती. ती आत आली. "हात? कुठला हात सर? ह्या सिनेमात हात नाहीये."

"नाहीये? आम्ही सगळ्यांनी बघितला! लावा परत."

परत लावला. कपाट आलं, डोळे आले. हात कुठून येणार? हात मांडीवर ठेवून मी बसलो होतो!

सरांचा आवाज चढला. "इतका महत्त्वाचा तुकडा मध्येच गायब? सिनेमाशी खेळ करता तुम्ही? आणि तुम्हाला हॉल द्यायचा?"

सगळा हॉल सायलीकडे बघायला लागला. ती मान खाली घालून उभी. आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत माझी पोर लहान व्हायला लागली!

मी उठलो.

"सर, तो हात माजा हाय."

"तुमचा?"

"पोराला दृष्ट लागली व्हती. सगली बगत व्हती त्याच्याकडं. मी जरा उतरवली. सायलीला काय बोलू नका." आणि एकदम आठवलं म्हणून पुढं म्हणालो, "छान होता."

सासूवाल्या बाईंना हसू फुटलं आणि सगळा हॉल हसत सुटला. सर तर चष्मा काढून डोळे पुसत होते. "हॉल दिला! पण आबा बसणार शेवटच्या रांगेत."

"पण काका," कळंबोलीचा तरुण म्हणाला, "तुम्ही दृष्ट काढूनही तो गेलाच की!"

"हा ना," मी म्हणालो. "तेच समजत नाय. माजा हात कधी फुकट गेला नाय."

एसटीत सायली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. माझ्या डोक्यातून मात्र त्या काळ्या कोटवाल्याचा विचार काही जात नव्हता.

घरी बायकोनं सदरा धुवायला घेतला. खिसे चाचपले.

"अवो, मीठ तर इथंच हाय! बडीशेप कुठं गेली?"

मी मटकन खाली बसलो.

सांगा आता! इटलीहून इतक्या लांब तो बिचारा माझ्या हाताखाली आला, आणि मी त्याच्यावरून बडीशेप ओवाळली!