नसलेलं कुलूप

माझ्या अक्काची म्हैस माझ्यामुळं विकली गेली. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. राधानगरीच्या बाजूला तिचं गाव. भावजी गेल्यावर तिनं दोन म्हशींच्या दुधावर घर चालवलं. दूध संस्था वर्षभराच्या दुधाच्या दरातला फरक दिवाळीला देते. त्या पैशांतून ती दरवर्षी कोल्हापूरला येऊन गुजरीत सोन्याचा एखादा मणी, एखादं वळं घ्यायची. त्या दिवाळीला मात्र ती आधी माझ्या घरी आली.

"तू शिकलेला हायस. सोनंच घिऊ का आणि कुठं घालू पैसं?"

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. जन्मभर बँकेतल्या ठेवीपलीकडं गेलो नव्हतो. पण त्या पावसाळ्यात मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मला गुंतवणुकीतलं सगळं कळायला लागलंय असं वाटत होतं. वहीत चार रकाने पाडले होते. ठेव, सोनं, म्युच्युअल फंड, शेअर. कशात किती वाढतं, कशात किती बुडू शकतं. पहिल्याच व्हिडिओतला माणूस सांगत होता, पैसे कुठं ठेवायचे ते नंतर, आधी ते कधी लागणार ते विचारा. हे मी लाल शाईनं लिहून घेतलं होतं. अक्काला विचारलं मात्र नाही. तिची मुलगी बारावीला आहे, हे काय मला माहीत नव्हतं?

मी छोट्या कंपन्यांचा फंड निवडला, कारण त्या रकान्यातला आकडा सगळ्यात मोठा होता. खातं तिच्या नावाचं, पण मोबाईल माझा.

"मोबाईलात पैसं घालतोस? रिचार्ज हाय व्हय त्यो?" अक्का म्हणाली आणि माझी बायको पोट धरून हसली. मीही हसलो. त्या हसण्यात थोडी कीव होती, हे आता कबूल करतो.

आषाढात भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अक्काचा फोन आला, "ते पैसं काढ की रं आता." मी मोबाईल उघडून बघितला. फंड चांगलाच खाली आला होता. काढले असते तर चार दिवसांत हातात पडले असते, कमी, पण पडले असते. वर थोडे माझे घातले असते, तर फी भागली असती. तेवढी माझी ऐपत होती. पण मग, माझं चुकलं, असं म्हणावं लागलं असतं.

मी म्हणालो, "अक्का, त्याला तीन वर्षांचं कुलूप असतंय. मधी निघत नाहीत."

असं कुलूप असलेले फंड असतात, हेही मी व्हिडिओतच शिकलो होतो. तिचा फंड त्यातला नव्हता.

"बरं. कुलूप हाय तर हाय," ती म्हणाली. दुसरा प्रश्न नाही.

आठवड्यानं गेलो तर गोठ्यात एकच म्हैस. दुसरी, दुधाला जास्त असलेली, शाहूवाडीकडच्या माणसानं नेली होती. विकलेल्या जनावराचं दावं आमच्याकडं देत नाहीत, घेणारा आपलं घेऊन येतो. तिचं दावं खुंटीला टांगलेलं होतं. अक्कानं त्या दिवशी मला बिनदुधाचा चहा दिला. उरलेल्या म्हशीचं दूध सगळं संस्थेला गेलं होतं.

पुढच्या दिवाळीपर्यंत फंड वर आला. तरी पैसे देता येईनात, कारण कुलूप तीन वर्षांचं सांगितलं होतं. खोटं टिकवायला मी आणखी दोन वर्षं गप्प बसलो. तोवर ते पैसे चांगलेच वाढले.

गेल्या दिवाळीनंतर ते अक्काच्या बँकेच्या खात्यात आले. तिनं गावभर सांगितलं, भावानं पैसं वाढवून दिलं. पैसे काढून, पेढे घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "परत तूच ठेव. कुलूप लावूनच ठेव. उघडं असतं तर मी तवाच मोडून खाल्लं असतं बग."

पेढा माझ्या हातात होता.

"अक्का, कुलूप नव्हतंच."

मी सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही बंद झाला.

"म्हंजे म्हस ऱ्हायली असती?"

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडं राग आला की गल्लीला ऐकू जातो. ती उठली, पदर सारखा केला. "पोस्ट उघडं आसंल न्हवं? चल."

मी सोबत गेलो. खिडकीपाशी मी पुढं व्हायला लागलो, तर तिनं हातानंच मला मागं सारलं. आतल्या बाईंना ठेव ठेवायची आहे म्हणून सांगितलं आणि कागद घेण्याआधी विचारलं, "बाई, मधीच नड आली तर निघत्यात न्हवं पैसं?"

"सहा महिन्यांनंतर निघतात, मावशी. व्याज कमी मिळतं."

"मिळू दे कमी. निघत्यात न्हवं?"

त्यांनी हो म्हटल्यावर तिनं सही केली. मी मागं उभा होतो. हाच प्रश्न तिनं त्या पहिल्या दिवाळीला मला विचारला नव्हता, कारण सांगणारा मी होतो.

रंकाळा स्टँडवर मी तिला एसटीत बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, "पेढं पोरांस्नी दे." गाडी हलली. नेहमीसारखं, गावाकडं ये, असं म्हणाली नाही.