दिवे लागणाऱ्या पट्ट्या

इंदिरानगरच्या आमच्या भजनी मंडळात मी बावीस वर्षं पेटी वाजवली. कुणी शिकवली नाही. ऐकून ऐकून बोटं बसवली. बाजारात मात्र घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही. मागच्या वर्षी माझा ताल चुकला, तेव्हा तबलजी सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठ, तालात घासाघीस चालत नाही." सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी मी इलेक्ट्रॉनिक तबला आणला. बटण दाबलं की ठेका सुरू. तबलजी दोन गुरुवार कोपऱ्यात बसून राहिले, मग आलेच नाहीत.

गाणाऱ्या काकूंना दम लागला की तबलजी ठेका सावकाश करायचे. यंत्राला ते कळत नव्हतं. काकू मध्येच गप्प व्हायच्या आणि ठेका एकटाच चालत राहायचा.

परवा मंडळाच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "शेठ, जरा दुकानात चला. तुमच्यासारखा भाव कोण करतं?" मी तासभर भांडलो, वर स्टँड फुकट काढलं. वस्तू होती कीबोर्ड. ज्या पट्टीत दिवा लागेल, तिच्यावर बोट ठेवायचं.

"कुणासाठी?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"मंडळासाठीच. आता कुणाचे नखरे नकोत."

गुरुवारी बाईंनीच वाजवलं, आयुष्यात पहिल्यांदा. एकही सूर चुकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सौदा कुणी केला, हे कुणाच्या तोंडी आलं नाही. मी बंद पेटी घेऊन तबलजींच्या कोपऱ्यात बसलो होतो. पेटी उघडा, असं कुणीही म्हटलं नाही.

तबलजी त्या कोपऱ्यात दोन गुरुवार बसले होते. माझा एक झाला.