आईची पाहुणी

आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हाची गोष्ट. शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावात एक परदेशी मुलगी राहायला आली. ती तिकडच्या विद्यापीठात एम.ए. करत होती आणि शेळ्या पाळणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला तिला एक घर हवं होतं. आमच्याकडे शेळ्या होत्या, आणि वसमतच्या कॉलेजात शिकणारी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी मी होते. म्हणून ती आमच्याकडे आली.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. वाईट होती म्हणून नव्हे. आईला आवडली म्हणून.

तिच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी शिजायची. ती भाकरी मोडून खायला शिकली, तर आईने ते कौतुक गल्लीभर सांगितलं. धार काढताना तिच्या हातून भांडं लवंडलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. माझ्या हातून लवंडलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. जेवण झालं की ती आपलं ताट घेऊन उठायची आणि आई तिला खाली बसवायची, "उठू नको बाई, तू बस." मग माझ्याकडे वळून, "पाहून काय राहिलीस? उचल की ताट." मी तिचं ताट घासायचे आणि मनातून जळायचे.

संध्याकाळी ती आईला प्रश्न विचारायची आणि मी दुभाषी. एकदा आईने सांगितलं, की लग्न होऊन आली त्या वर्षी ती कुणाला न सांगता दोन शेळ्या घेऊन सासरहून निघाली होती, सिद्धेश्वरला माहेरी जायला. वाटेत एक शेळी व्यायली. ओलं पिलू घेऊन एवढी वाट चालवेना, म्हणून आई माघारी फिरली. माझ्याच आईची ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती परक्या मुलीला इंग्रजीत सांगण्यासाठी. मी तावातावाने आईला विचारलं, "मला काहून न्हाई सांगितलं कधी?"

"तू कवा इचारलंस?" आई म्हणाली.

काम संपलं तशी ती गेली. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्याबद्दलच सांगत राहिली. तिला जमतं ते मला का जमू नये, एवढाच माझा समाजसेवेचा विचार. नांदेडला समाजकार्य शिकले, हिंगोलीतल्या एका संस्थेत बचत गटांचं काम केलं, इंग्रजी घासूनपुसून नीट केलं आणि शिष्यवृत्ती मिळवून तिच्याच देशात आंतरराष्ट्रीय विकास शिकायला गेले. या क्षेत्रात का यायचंय, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी ग्रामीण स्त्रियांबद्दल बोलले. खरं कारण ते ताट होतं, पण ते काय सांगणार.

नोकरी आफ्रिकेतल्या एका देशात लागली. तिथे परक्या आयांच्या चुलीपाशी बसून मी प्रश्न विचारायचे. माझ्यासाठी भाषांतर करणाऱ्या पोरीच्या कपाळावरची आठी मला चांगली ओळखू यायची.

पहिल्या सुट्टीत घरी आले. मधल्या काळात भावाचं लग्न होऊन घरात वहिनी आली होती. आईने मला हातपाय धुवायला गरम पाणी दिलं. आमटी वाढताना विचारलं, "तिखट चालंल ना तुला?" मग तिकडची माणसं काय खातात, शेळ्या कशा असतात, बाया काय नेसतात, सगळं विचारलं. मी सांगत होते आणि ती हातातलं काम सोडून ऐकत होती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. जेवण झालं आणि मी ताट घेऊन उठले.

"उठू नको बाई, तू बस," आई म्हणाली आणि वहिनीकडे वळली. "पाहून काय राहिलीस? उचल की ताट."

वहिनी मोरीत बसून माझं ताट घासू लागली. राख किती घेतेस म्हणून आई तिला बोलली, वहिनीने पुटपुटत काहीतरी उलट उत्तर दिलं, आणि मग दोघीही हसल्या. मी आपली पाटावर बसून होते. मला वहिनीचा असा हेवा वाटला, की तसा त्या परदेशी मुलीचाही कधी वाटला नव्हता.